लाइट जाऊन आली की अर्ध्या घराचं नेट बंद: दुसरा राउटर पत्ते वाटतोय का, ते आधी तपासा

तक्रार साधारण अशी असते. ओटीवर नेट चालतं. मागच्या खोल्यांत गेलं की वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, पण काहीच उघडत नाही. फोन सांगतो, ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’. त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर दुसऱ्याचा फोन मात्र सुरळीत चालू असतो. मग कुणीतरी सगळे डबे बंद करून चालू करतं, नेट येतं, काही दिवस बरे जातात. पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की पहिले पाढे पंचावन्न.

गुहागर, दापोलीपासून मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत ज्या घरांनी मागच्या आगरात पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या बांधल्या आहेत, तिथे ही अडचण मला सर्रास दिसते. “पासवर्ड घेतो, पण नेट देत नाही,” असं एका वहिनींनी सांगितलं होतं. इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. लाइनवाल्याला फोन जातो. तो येऊन ओटीवरच्या डब्याला, म्हणजे कंपनीच्या मुख्य राउटरला, आपला फोन जोडून बघतो, नेट चालू असतं, आणि तो निघून जातो. त्याचं चुकत नाही, कारण बाहेरून येणारी लाइन खरोखरच चांगली असते. घरात पत्ते वाटणारी दोन यंत्रं झालेली असतात, दोष एवढाच. तो नीट काढला तर सहसा नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

हे इतकं सविस्तर लिहितोय, कारण आता गावातलं नेट ही चैन राहिलेली नाही. खोल्यांचं बुकिंग त्यावर येतं, पैसे त्यावर येतात, आणि पुण्या-मुंबईची नोकरी गावच्या पडवीत बसून करणारी मुलं त्याच्याच भरवशावर गावात राहिली आहेत. ऐन मीटिंगमध्ये रोज नेट जाऊ लागलं तर ती परत जातील.

दुसरा राउटर का लागतो

आपली घरं चिऱ्याची. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. म्हणून मे महिन्यात माजघरापर्यंत येणारं वाय-फाय जुलैत ओटीच्या दारातच संपतं. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगाला चांगला, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो, २.४ गिगाहर्ट्झ हळू असला तरी जास्त आत शिरतो. मागच्या खोल्या आगरात, मध्ये खळं आणि दोन-तीन जाड भिंती. तिथे वायर टाकून दुसरा राउटर बसवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तसं करणं बरोबरच आहे. खोट बसवण्याच्या पद्धतीत राहते.

एक कनेक्शन सगळ्या घराला कसं पुरतं

कंपनी तुमच्या घराला बाहेरच्या जगासाठी सहसा एकच आयपी पत्ता देते. घरातले वीस फोन, दोन टीव्ही आणि कॅमेरे मिळून तो एकच वापरतात. घराच्या आत वापरायचे पत्ते वेगळे असतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या नियमपत्रात असे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते घराबाहेर चालत नाहीत. बाहेर जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट ओटीवरच्या डब्यातून जातं, तिथे त्यावरचा घरातला पत्ता पुसून बाहेरचा लावला जातो, आणि उत्तर आलं की ते कुठल्या फोनचं हे डबा आठवणीने परत लावतो. या कामाला नॅट म्हणतात आणि ते करणाऱ्या डब्याला गेटवे. गडग्याला जसं एकच बेडं असतं आणि वाडीतून बाहेर पडणाऱ्याला तिथूनच जावं लागतं, तसं हे आहे.

आता फोनला हे बेडं कुठे आहे ते कोण सांगतं? फोन वाय-फायला जोडला गेला की घरभर हाक मारतो, “पत्ता देणारं कुणी आहे का?” जो डबा हे काम करतो तो उत्तर देतो, “हा पत्ता घे.” फोन म्हणतो, “हा घेतो,” आणि डबा म्हणतो, “दिला.” या चार निरोपांच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी मिळतात: गेटवेचा पत्ता, आणि संकेतस्थळांची नावं शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता.

खरी गोम पुढे आहे. दोन डब्यांनी उत्तर दिलं तर फोन साधारणपणे ज्याचं उत्तर आधी आलं त्याचं ऐकतो. उत्तर देणाऱ्याकडे इंटरनेट आहे की नाही, हे या चार निरोपांत कुठेही विचारलं जात नाही.

दुकानातून आणलेला राउटर स्वतः गेटवे व्हायच्या तयारीनेच येतो. त्याच्यात पत्ते वाटण्याचं काम आधीपासून चालू असतं आणि तो फोनला सांगतो, “बाहेर जायचं तर माझ्याकडून जा.” ओटीवरून आलेली वायर त्याच्या लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) चार भोकांपैकी एकात खुपसली, की त्याचं आणि ओटीवरच्या डब्याचं एकच जाळं होतं. आता हाकेला दोघे उत्तर देतात. ओटीवरच्या डब्याकडून पत्ता मिळालेला फोन चालतो. मागच्या राउटरकडून मिळालेला फोन बाहेर जायला त्या राउटरकडेच जातो, आणि त्याचं वॅनचं (बाहेरून नेट आत घेणारं) भोक तर रिकामं असतं. फोनच्या दृष्टीने वाय-फाय ठीक, पत्ता ठीक, फक्त वाट बंद.

एक गोष्ट लोकांना पटत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ओटीवर बसून, ओटीवरच्याच वाय-फायला जोडलेल्या फोनलाही मागचा राउटर पत्ता देऊ शकतो. हाक वायरवरून सगळीकडे पोचते. म्हणून “मागचं वाय-फाय वाईट, पुढचं चांगलं” हा निष्कर्ष अनेकदा फसवा असतो.

लाइटशी काय संबंध

पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो. निम्मी मुदत उलटली की फोन आधी ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच मुदत वाढवून मागतो, म्हणून एकदा सुरळीत चाललेला फोन बरेच दिवस चालत राहतो. लाइट गेली की सगळ्यांचं वाय-फाय तुटतं, आणि आली की सगळे एकदम पत्ता मागतात. फायबरच्या डब्याला उभं राहायला वेळ लागतो, साधा राउटर त्याच्या आधी जागा होऊन उत्तरं देऊ लागतो. पुष्कळ घरांत ओटी इन्व्हर्टरवर असते आणि मागच्या खोल्या नसतात. तिथे उलटं घडतं: डबा चालूच राहतो, मागचा राउटर तेवढा पडून उठतो, आणि मागे बसलेल्यांच्या फोनला जवळचा तोच आधी उत्तर देतो.

सगळं बंद करून चालू केल्यावर नेट येतं, तेही याच शर्यतीमुळे. त्या वेळी ओटीवरचा डबा जिंकलेला असतो. त्याला दुरुस्ती समजू नये.

ओळखायचं कसं

डब्यांना हात लावायच्या आधी बंद पडलेला फोन हातात घ्या. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नावाशेजारचं चाकाचं किंवा ‘आय’चं चिन्ह दाबा. तिथे आयपी पत्ता आणि गेटवे लिहिलेला असतो. आयफोनवर गेटवेच्या जागी ‘राउटर’ असं लिहितात. दोन्ही कागदावर टिपून घ्या. मग चालू असलेल्या फोनवरून तेच टिपा. या दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

चालणाऱ्या फोनचा गेटवे १९२.१६८.१.१ आणि न चालणाऱ्याचा १९२.१६८.०.१ असेल, तर दोष हाच. न चालणाऱ्या फोनवर मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत तो दुसरा गेटवे टाइप करा. मागच्या राउटरचं लॉगिनचं पान त्याच्या कंपनीच्या नावासकट उघडेल. मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पान उघडत नाही. मग माणूस राउटरलाच दोष देत बसतो.

न चालणाऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याचा अर्थ कुणीच उत्तर दिलेलं नाही आणि यंत्राने स्वतःच पत्ता ठरवून घेतला आहे. हा आजार वेगळा. त्याच्याकडे पुढे येतो.

सगळ्यात फसवं रूप म्हणजे दोन्हीकडे गेटवे १९२.१६८.१.१ च दिसतो. वेळणेश्वरच्या एका घरात हेच होतं. ओटीवरच्या डब्याचा आणि मागच्या राउटरचा, दोघांचाही कारखान्यातून आलेला पत्ता एकच होता. असं असलं की चाललेलं नेट मध्येच थांबतं, पुन्हा चालतं, आणि १९२.१६८.१.१ उघडलं तर कधी एका कंपनीचं पान येतं, कधी दुसऱ्या. विंडोजच्या लॅपटॉपवर ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या काळ्या खिडकीत ‘एआरपी -ए’ ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) द्या आणि १९२.१६८.१.१ समोरचा फिजिकल ॲड्रेस टिपा. नेट चालू असताना एक आणि बंद असताना दुसराच आला, तर एका पत्त्यावर दोन डबे बसले आहेत. हा ॲड्रेस डब्याच्या बुडावरच्या स्टिकरवरही असतो. शेवटची एखाद-दोन अक्षरं वेगळी निघाली तरी सुरुवातीच्या भागावरून डबा ओळखता येतो. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ या आज्ञेने येणाऱ्या यादीत ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळ असते. पत्ता कुणी दिला ते तिथे सरळच कळतं.

खात्री करायची असेल तर मागच्या राउटरची ओटीकडून आलेली वायर काढा, ओटीवर येऊन फोनचं वाय-फाय बंद करून चालू करा, आणि असं काही वेळा करून पाहा. प्रत्येक वेळी नेट आलं तर तपास संपला.

दुरुस्ती

मागचा राउटर जाळ्यातून सोडवा, म्हणजे ओटीची वायर काढूनच ठेवा. लॅपटॉप छोट्या वायरने त्याच्या लॅनच्या भोकाला जोडा, किंवा मोबाइल डेटा बंद करून फोन त्याच्या वाय-फायवर घ्या. राउटरच्या बुडाशी लिहिलेला पत्ता उघडा, लॉगिन करा.

आधी ‘ऑपरेशन मोड’ असं काही दिसतंय का बघा. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडा आणि जतन करा. राउटर पत्ते वाटणं आपोआप सोडतो आणि फक्त वाय-फाय पसरवतो. बरीचशी नवी यंत्रं हे देतात, आणि असेल तर दुसऱ्या कुठल्याही वाटेने जाऊ नये.

जुन्या राउटरमध्ये तो पर्याय नसतो. तिथे हेच काम हाताने करायचं, आणि क्रम पाळायचा. पहिल्यांदा वाय-फायचं नाव आणि पासवर्ड ठरवून घ्या. ओटीवरचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला तर फिरताना फोन आपोआप इकडून तिकडे जातो. २.४ गिगाहर्ट्झवर ओटीला चॅनेल १ असेल तर मागे ६ किंवा ११ द्या, म्हणजे दोघे एकमेकांच्या आवाजात बोलणार नाहीत. मग लॅनच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा सुरू होईल. आता नव्या पत्त्यावर लॉगिन करा. शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करून जतन करा. यानंतर त्याला एकट्याला जोडलेल्या फोनला पत्ता मिळणार नाही. घाबरू नका, तसंच व्हायला हवं.

आता ओटीची वायर परत लावा. हाताने केलेल्या या पद्धतीत ती लॅनच्या भोकातच जाते. वॅनचं भोक रिकामं राहतं. त्यावर चिकटपट्टी लावून टाका म्हणजे उद्या कुणी ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं बघून वायर तिकडे हलवणार नाही.

ओटीवरच्या डब्यातही एक बदल करायचा. पत्ते वाटायची त्याची हद्द अनेकदा १९२.१६८.१.२ पासूनच सुरू होते, आणि तो पत्ता आपण मागच्या राउटरला दिला आहे. हद्द १९२.१६८.१.२० ते १९२.१६८.१.२०० करा. खालचे मोकळे पत्ते दुसरे राउटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि प्रिंटर यांना कायमचे देता येतात. तुमच्या डब्याचा पत्ता वेगळा असेल, उदाहरणार्थ जिओफायबरच्या डब्याचा १९२.१६८.२९.१ असतो, तर वरच्या सगळ्या आकड्यांत तिसरा आकडा त्याप्रमाणे घ्या.

दुरुस्त केलेलं पुन्हा का बिघडतं

बहुतेक वेळा रिसेटच्या भोकामुळे. नेट हळू आहे म्हणून कुणीतरी टाचणी घेऊन ते दाबतं, आणि राउटर कारखान्यातून आला तसा होतो: पत्ते वाटणं चालू, पत्ता जुनाच. लाइटच्या झटक्यानेही एखादा जुना राउटर सेटिंग विसरतो. म्हणून काम झालं की राउटरच्या पाठीवर कागद चिकटवा: ‘पत्ता १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, वायर लॅनमध्येच, रिसेट दाबू नये’. लॉगिनच्या पानावर बॅकअप घ्यायची सोय असेल तर ती फाइल घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. जाणत्या मुलाने शहरातून फोनवर सांगून घरच्यांनी रात्री राउटर उघडायचा, यापेक्षा हा कागद कितीतरी उपयोगी पडतो.

काही जण म्हणतात, वायर वॅनच्या भोकात लावली की भानगडच नको. त्यात तथ्य आहे. तसं केलं तर मागचा राउटर रिसेट झाला तरी ओटीकडच्या फोनना खोटे पत्ते वाटू शकत नाही. फक्त दोन्ही डब्यांचा तिसरा आकडा वेगळा हवा, एक १९२.१६८.१ वर आणि दुसरा १९२.१६८.० वर. पण मग नॅट दोनदा होतं, ओटीवरच्या फोनला मागचा प्रिंटर किंवा टीव्ही दिसत नाही, आणि काही व्हिडिओ कॉल व खेळ कुरकुर करतात. शिवाय एक गैरसमज इथे फार पसरला आहे. पाहुण्यांना मागच्या राउटरवर ठेवलं की ते आपल्या घरच्या जाळ्यापासून वेगळे झाले, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ओटीकडून मागे जाता येत नाही, पण मागून ओटीकडे येता येतं. पाहुण्याच्या फोनवरून तुमच्या डीव्हीआरचं लॉगिनचं पान उघडू शकतं. पाहुणे वेगळे ठेवायचे असतील तर मुख्य डब्यातलं ‘गेस्ट नेटवर्क’ वापरा, आणि डीव्हीआरचा कारखान्यातला पासवर्ड आजच बदला.

गणपतीत येणारी, याच्यासारखी दिसणारी अडचण

चाकरमानी आले की घर भरतं. माणशी एक फोन धरला, वर टीव्ही आणि लॅपटॉप, तर आकडा पटकन वाढतो. डब्याची वाटायची हद्द छोटी असेल, समजा ३० पत्त्यांची, आणि मुदत २४ तास, तर सकाळी एसटीने निघून गेलेल्या माणसाचाही पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. नवीन आलेल्याचा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथेच थांबतो, किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ दिसतो. इथे दुसऱ्या राउटरचा काही संबंध नसतो. हद्द वर सांगितल्याप्रमाणे मोठी करा, १८१ पत्ते मिळतात, आणि मुदत दोन तासांवर आणा. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी ती वर्षभर तशीच ठेवावी. मात्र काही स्वस्त डबे वाय-फायवर एका वेळी ठरावीक फोनच घेतात. तिथे पत्ते वाढवून भागत नाही, मागचा राउटर निम्मा भार उचलतो तेव्हाच निभावतं.

आणखी दोन लक्षणं थोडक्यात. काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्धवट लोड होऊन लटकतात, आणि लाइट असो-नसो हे रोजचंच आहे, तर तुम्ही स्वतःच्या राउटरमध्ये पीपीपीओईचं लॉगिन (कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड) टाकलेलं आहे का ते बघा. त्या पद्धतीत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट खर्च होतात, म्हणून एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, १५०० ऐवजी १४९२ हवा. आणि सगळ्या घराचं नेट एकदम जाऊन फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोचत नाही, झावळी पडून बाहेरची वायर तुटली असेल. तेव्हा घरातलं काही उघडू नका, कंपनीलाच बोलवा.

मुंबईहून घराचे कॅमेरे बघता येत नाहीत, ही तक्रारही याच डब्यापाशी येऊन थांबते. डब्याच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीही तुमचं घर आणि इतर अनेक घरं मिळून एक पत्ता वापरते आहे. २०१२ मध्ये हा गट याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याच्या सेटिंगवर) वेळ घालवू नका. कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सोय वापरा, किंवा जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता मागा.

आगरातली वायर

सेटिंग बरोबर असूनही मागचं नेट अधूनमधून जातं, तेव्हा वायर बघायची. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस जॅकच्या तांब्याला हिरवा गंज चढवतो. जॅक काढून बघा. हिरवट दिसला तर घासत बसू नका, कापून नवीन बसवा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर इथे टिकत नाही, पूर्ण तांब्याचीच घ्या. उघड्यावरून न्यायची तर पाइपात घाला, नाहीतर खारी आणि उंदीर तिला सोडत नाहीत. आणि तांब्याच्या वायरची मर्यादा १०० मीटर आहे. मोठ्या आगरात ती सहज ओलांडली जाते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विजेची. दोन इमारतींच्या मध्ये ताणलेली तांब्याची वायर वळवाच्या गडगडाटात लांबच्या विजेचाही झटका आत आणते आणि दोन्हीकडची भोकं जाळते. लोक राउटरचा प्लग काढतात, नेटची वायर तशीच ठेवतात. दोन्ही काढा. खोल्या कायमच्या चालवायच्या असतील तर दोन इमारतींमध्ये फायबरची वायर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटची वायर जोडणारा डबा) बसवा. फायबरमधून फक्त प्रकाश जातो, वीज वाहत नाही. लांबीचाही प्रश्न मिटतो. आगोटीच्या कामांत कौलं शाकारण्याबरोबर हे एक काम धरलं तर पावसाळा निर्धास्त जातो.

ओटीचा डबा आणि मागचा राउटर, दोघांनाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर लाइटच्या खेळाचा त्रास बराच कमी होतो. पण पत्ते वाटणारे दोन असतील तर तो लावूनही दोष जात नाही, फक्त लपतो. म्हणून आधी सेटिंग, मग यूपीएस.

शेवटची तपासणी

सगळं झालं की घराचा मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग चालू करा. डबे पूर्ण उभे राहिले की ओटीवरचा एक फोन, मागच्या खोलीतला एक फोन आणि एक टीव्ही किंवा लॅपटॉप, असे तीन ठिकाणचे गेटवे वाचा. तिन्हीकडे एकच आकडा हवा, आणि तो ओटीवरच्या डब्याचा हवा. गणपतीच्या आधी आठवडाभर हे करून ठेवा, घर भरल्यावर शांतपणे करता येत नाही.

एवढं करूनही कुठेतरी परका गेटवे दिसलाच, तर त्याच्या आकड्यावरूनच तो कुणाचा ते कळतं. १७२.२०.१०.१ म्हणजे आयफोनचा हॉटस्पॉट. फोन घरच्या वाय-फायवर नाहीच, कुणाच्या तरी हॉटस्पॉटला जोडला गेला आहे. १९२.१६८.८८.१ म्हणजे मायक्रोटिक या कंपनीचं राउटरसारखं यंत्र. १९२.१६८.१३७.१ दिसला तर घरातल्या एखाद्या विंडोज लॅपटॉपवर ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ चालू राहिलं आहे, आणि तो लॅपटॉप वायरने जोडलेला असेल तर तोही घरभर पत्ते वाटतो. नेटवर्क कनेक्शनच्या यादीत त्या जोडणीचे गुणधर्म उघडा, शेअरिंगच्या पानावरची खूण काढा, आणि अडकलेल्या फोनचं वाय-फाय एकदा बंद करून चालू करा.